म्हातारीला परत का पाठवलं?

मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी सदाशिव पेठेत भावाकडे गेले होते आणि लाईट गेले. इन्व्हर्टरवर एक ट्यूब आणि एक पंखा एवढंच चालू, टीव्ही बंद, वायफाय बंद, म्हणजे ओवीला आत्या आठवणारच. ओवी भावाची मुलगी, साडेपाच वर्षांची, समोरचे दोन दात पडलेले. "आत्या, गोष्ट सांग." मला आयत्या वेळी कायम एकच गोष्ट सुचते, भोपळ्याची, आणि ती तिला पाठ आहे, तरी वाघाचा आवाज मी काढायचा आणि "टुणूक टुणूक" तिने म्हणायचं असं आमचं ठरलेलं आहे. आई शेजारी ताटात गवार मोडत बसली होती. खालून भज्यांचा वास येत होता, बहुतेक पहिल्या मजल्यावरच्यांनी लाईट गेल्याचा सदुपयोग चालवला होता. म्हातारी लेकीकडे जाऊन तूपरोटी खाऊन जाडजूड झाली, लेकीने मोठ्ठा भोपळा आणला, म्हातारी आत बसली, आणि आता टुणूक टुणूक येणार म्हणून मी थांबले तर ओवी म्हणाली, "पण तिच्या मुलीने तिला परत का पाठवलं?"

मी म्हटलं, अगं तिचं घर होतं ना तिकडे.

"पण मधे वाघ होता. मुलीला माहिती होतं ना वाघ आहे ते? माहिती होतं म्हणूनच भोपळा दिला ना?"

वहिनी हसली. भाऊ म्हणाला, वकील होणार ही. आई गवारीचा दोर ओढत, मान वर न करता म्हणाली, "लेकीच्या घरी राहायचं तरी किती दिवस?" हे उत्तर ओवीला होतं का मला, ते काही कळलं नाही. तिची लेक मीच. मी बाणेरला राहते, आई अधूनमधून येते, दोन-चार दिवस छान जातात, मग एके दिवशी सकाळी अंघोळ करून, पिशवी भरून, पदर खोचून तयारच असते, निघते म्हणून. राहा की अजून, असं मी म्हणते. म्हणते, पण कॅबही बुक करते.

घरी येताना डोक्यात तेच. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता, आणि आमच्या वाड्यातल्या कुठल्याच पोराला पडलेला आठवत नाही. आम्हाला वाघाची भीती वाटायची, कारण गोष्ट सांगणारा माणूस आवाज वाघाचाच मोठा काढतो. नीट बघितलं तर वाघ त्यात फार सज्जन आहे. म्हातारी त्याला सांगते, आत्ता माझ्यात काय आहे, नुसती हाडं, लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, जाडजूड होते, मग मला खा, आणि तो चक्क थांबतो. जंगलात तिला खाणारे आहेत आणि तिच्या स्वतःच्या घरात तिला खायला नाही, अशी ही एकटी बाई. मुलगा आहे की नाही, नवरा कधी गेला, गोष्ट एका शब्दाने सांगत नाही. आणि लेकीकडे सगळं आहे, तूप आहे, पण तिथे राहायचं नाही. पूर्वी कितीतरी घरांत लेकीला मूल होईपर्यंत आईवडील तिच्या घरी जेवत नसत, काही तर पाणीसुद्धा पीत नसत. त्या घरात आईला ठेवून घ्यायचा अधिकार लेकीला नव्हताच. परसातला भोपळा मात्र तिच्या ताब्यातला होता. तो तिने दिला.

पुण्यात तर ही गोष्ट अजून चालूच आहे म्हणा. आमच्या सोसायटीत निम्म्या घरांत एक बॅग कायम अर्धी भरलेली असते. काकू सहा महिन्यांसाठी लेकीकडे निघतात, न्यू जर्सी नाहीतर डॅलस, स्वयंपाकघरात वजनकाटा लावून मेतकूट आणि भाजणीची पाकिटं तोलली जातात, आणि सहा महिन्यांनी काकू परत येतात तेव्हा गालावर तुकतुकी असते, हातात बदामाची पाकिटं आणि व्हिटॅमिनच्या बाटल्या असतात. कसं होतं, विचारलं की म्हणतात, मस्त, लेक-जावयाने खूप केलं हो. मग लिफ्टचं दार बंद होतं आणि त्या आपल्या थ्री बीएचकेत एकट्या जातात. परत का आलात असं त्यांना कोणी विचारत नाही. व्हिसा संपला, हे उत्तर सगळ्यांच्या सोयीचं आहे.

त्यानंतर थोडे दिवस मी लहानपणच्या सगळ्या गोष्टी अशाच उलट्या करून बघत बसले, आणि मग आजीची चिऊकाऊची गोष्ट आठवली. आजी म्हणजे बाबांची आई. आमचा वाडा नारायण पेठेत, नदीच्या अंगाला, माजघरात दिवसासुद्धा दिवा लावावा लागायचा. आजी तांदूळ निवडता निवडता गोष्ट सांगायची, त्यामुळे मला अजूनही चिऊताई म्हटलं की सुपाचा आवाज आणि रॉकेलचा वास येतो. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं, पाऊस आला, शेणाचं घर वाहून गेलं, काऊ भिजत चिऊच्या दारात. चिऊताई चिऊताई दार उघड. थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते. थांब, माझ्या बाळाला टीट लावते. ही यादी प्रत्येक आजी आपापल्या मर्जीने लांबवते, पण आमच्या आजीच्या यादीत एक कलम असं होतं की ते मी नंतर कुठेच ऐकलं नाही. तिची चिऊ म्हणायची, "थांब हो, मी सोवळ्यात आहे." आम्ही पोरं लोळून हसायचो. चिमणी सोवळ्यात! आजी हसायची नाही, ती खडा शोधून बाजूला टाकायची आणि पुढे, चिऊताई चिऊताई दार उघड.

आजी गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, कुणाच्या तरी मुंजीत, थोरल्या काकूने सहज सांगितलं. १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं त्या दिवशी आजी कडेवरच्या धाकट्या काकांना आणि हाताला धरलेल्या बाबांना घेऊन, अंगावरच्या कपड्यांनिशी, वरच्या अंगाला एका नातेवाइकांच्या दारात जाऊन उभी राहिली होती. मागे नारायण पेठेत पाणी चढत होतं, भिंती बसल्याचे आवाज येत होते म्हणे. आतून त्या बाई म्हणाल्या, जरा थांबा हं, मी सोवळ्यात आहे, एवढा नैवेद्य होऊ दे.

दार उघडलं होतं नंतर. जेवायलाही वाढलं होतं, आणि पुढे महिनाभर सगळे त्यांच्याकडेच राहिले होते. त्यामुळे आजीने आयुष्यात कधी त्या घराविषयी वावगा शब्द काढला नाही, सणावाराला जाऊन वाकून नमस्कार करायची. फक्त चिमणीला सोवळं नेसवलं.

ओवीच्या वाढदिवसाला कोणीतरी चिऊकाऊचं जाड पुठ्ठ्याचं, गुळगुळीत, महागडं पुस्तक दिलंय. त्यात चिऊ पहिल्या हाकेला दार उघडते, काऊ थँक्यू म्हणतो, आणि पाऊस थांबल्यावर दोघं मिळून मेणाचं मोठं घर बांधतात. चित्रं सुंदर आहेत. ओवीने ते पुस्तक एकदा वाचून घेतलं आणि परत आणलं नाही. मला ते वाचताना चिडचिड झाली, म्हणजे दारच उघडलं तर गोष्ट कशाची! पण मग असंही वाटलं की आत्ताचे आईबाप काय नवीन करतायत, गोष्टी धुऊन पुसून मुलांना देण्याचं काम तर केव्हापासून चाललंय, आणि सगळ्यात गाजलेले धुणारे म्हणजे ग्रिम बंधू.

त्यांचं गोष्टींचं पहिलं पुस्तक १८१२ चं. ते खरं म्हणजे मुलांसाठी नव्हतंच, दोघं भाषेचे अभ्यासक, लोकांच्या तोंडची जर्मन गोष्ट जपून ठेवावी म्हणून टिपा बिपा देऊन काढलेलं. मग लोक म्हणायला लागले की हे मुलांच्या हातात कसं द्यायचं, आणि धाकटा विल्हेल्म १८५७ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत ते घासत-पुसत राहिला. आता काय काढलं आणि काय ठेवलं ते बघण्यासारखं आहे. मनोऱ्यातली रॅपन्झेल पहिल्या आवृत्तीत भोळेपणाने विचारते की माझे कपडे मला घट्ट का व्हायला लागलेत, म्हणजे राजपुत्र येऊन जात होता हे वाचणाऱ्याला कळावं. पुढे ते वाक्य गेलं. मुलं खाटीक-खाटीक खेळतात आणि एक भाऊ खरंच दुसऱ्याचा गळा चिरतो, ती गोष्ट तर दुसऱ्या आवृत्तीत अख्खीच गेली. पण स्नोव्हाइटच्या राणीला तापवलेले लोखंडी बूट घालून मरेपर्यंत नाचवतात, ते राहिलं. सिंड्रेलाच्या बहिणी बूट बसावा म्हणून एक अंगठा कापते, एक टाच कापते, ते राहिलं, आणि लग्नाच्या दिवशी कबुतरं येऊन त्यांचे डोळे फोडतात हे तर नंतर घातलंय. म्हणजे रक्त चालतं, पोट दिसायला नको. आपल्या सेन्सॉरला हे वाचून अगदी घरच्यासारखं वाटेल.

पण मला जे लागलं ते वेगळंच. १८१२ च्या स्नोव्हाइटमध्ये तिला मारून फुप्फुस आणि काळीज काढून आण असं शिकाऱ्याला सांगणारी राणी तिची सावत्र आई नाहीच. सख्खी आई आहे. १८१९ ला ती सावत्र झाली. हॅन्सेल आणि ग्रेटेलमध्ये दुष्काळ पडलाय, घरात शेवटची भाकरी आहे, आणि नवऱ्याला रात्री अंथरुणात, पोरांना रानात सोडून येऊ, असं समजावणारी बाई पहिल्या आवृत्तीत त्यांची आईच आहे, ती सावत्र व्हायला १८४० उजाडावं लागलं. आई पवित्र राहिली पाहिजे ना. युरोपात १३१५ पासून दोन-तीन वर्षं जो महादुष्काळ पडला त्यात काय काय झालं असेल, त्याची ही आठवण असावी असं पुष्कळ जण म्हणतात, ते सिद्ध करता येण्यासारखं नाही, पण भुकेलेल्या घरातून पोरं बाहेर काढली जायची ह्याला सिद्ध काय करायचं. त्या गोष्टीत सगळं खाण्याचंच आहे, भाकरीचे तुकडे, भाकरीचं घर, आणि भट्टी पेटवून पोराला खाऊ बघणारी म्हातारी. आपण चेटकीण लक्षात ठेवतो. अंथरुणातलं ते बोलणं विसरतो, जे मुलं भिंतीपलीकडून ऐकत होती, भुकेमुळे जागी असल्यामुळे.

सावत्र आई ही फार सोयीची बाई आहे. तिच्यावर काहीही टाकता येतं.

ह्यावरून मला शनिवारवाडा आठवला, आणि पुण्याच्या माणसाला तो आठवल्याशिवाय गत्यंतरही नसतं. बाबा मला पहिल्यांदा दिल्ली दरवाज्यापाशी घेऊन गेले तेव्हा मी ओवीएवढीच असेन, हातात खारे दाणे, आणि बाबांनी अगदी प्रेमाने मला एका खुनाची गोष्ट सांगितली. ३० ऑगस्ट १७७३, अठरा वर्षांचा नारायणराव, मागे गारदी, आणि काका मला वाचवा. पुण्यातल्या पोरांना परीकथेच्या आधी ही गोष्ट मिळते. कितीतरी रात्री माझ्या स्वप्नात लांबलचक बोळ यायचा. पण तेव्हा मी कोणाला घाबरायचे? काकांना नाही, गारद्यांनाही नाही. मी घाबरायचे काकूला, आनंदीबाईंना, ज्यांनी पत्रातलं एक अक्षर बदललं म्हणतात. आता त्या अक्षराला धड पुरावा नाही असं इतिहास वाचलेले लोक सांगतात, रामशास्त्र्यांनी दोषी धरलं ते राघोबादादांना, आणि ज्याला मिठी मारून पोरगं वाचव म्हणत होतं तो सख्खा काका होता. तरी गोष्टीने खापर कुठे फोडलं बघा. बापाच्या जागी असलेला माणूस असं करतो, हे पोराला सांगणार कसं? मग घरात बाहेरून आलेली एक बाई शोधायची. ती प्रत्येक घरात असतेच.

असं काही डोक्यात असलं की फोनला कसं कळतं कोण जाणे, मला लगेच फॉरवर्ड यायला लागले. परीकथांमागचं भयानक सत्य, काळीज घट्ट करून वाचा. त्यातला एक तुम्हालाही आलेला असणार, रिंगा रिंगा रोझेस म्हणजे प्लेग, अंगावर गोल चट्टे, खिशात फुलं, शिंका, आणि मग सगळे मेले. आमच्या सोसायटीच्या लॉनवर पोरं रोज संध्याकाळी हे म्हणत धपाधप पडतात, आणि मी ते वाचून दोन दिवस शहारून बघत होते. पण हे बरंचसं जुळवलेलं दिसतं. लंडनचा मोठा प्लेग १६६५ चा, हे गाणं इंग्लंडमध्ये छापलेलं सापडतं ते १८८१ ला, जुन्या कितीतरी पाठांत शिंकच नाही, आणि प्लेगचा अर्थ चिकटवला गेला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, असं लोकगीतांचे अभ्यासक सांगतात. ज्या पुण्यात १८९७ घडलं त्या पुण्याला तरी प्लेगसाठी इंग्रजी गाणं कशाला लागतंय? आजीच्या आईकडे प्लेगची गोष्ट होती आणि तिला कसला गूढ अर्थ नव्हता, गावाबाहेर झोपड्या टाकून राहिलो, परत आलो तेव्हा शेजारच्या घराला कुलूप होतं, ते निघालंच नाही. संपली गोष्ट.

प्रत्येक गोष्टीखाली प्रेत पुरलेलं आहेच असं धरून चालणं हाही एक आळस आहे. पण कधीकधी असतं. हॅमेलिनच्या पुंगीवाल्याचं बघा. त्या गावाच्या जुन्या नोंदी सांगतात की २६ जून १२८४ ला १३० मुलं गेली. बस. उंदीर त्यात नाहीतच, उंदीर आले सोळाव्या शतकात, म्हणजे पावणेतीनशे वर्षांनी. मुलं बहुधा पूर्वेकडे नवीन गावं वसवायला म्हणून कोणी दलाल घेऊन गेला, असं बऱ्याच संशोधकांना वाटतं. पाठवली का पळवली, विकली का आपणहून गेली, कोण सांगणार. गावात अजून एक गल्ली आहे जिथे वाद्य वाजवत नाहीत, त्या गल्लीतून ती गेली म्हणून. आता पावणेतीनशे वर्षं एक गाव स्वतःच्या पोरांना काय सांगत असेल, की आपली मुलं गेली आणि आपण काय करत होतो? मग उंदीर आले, बुडवलेले पैसे आले, चिडलेला पुंगीवाला आला, आणि गोष्ट बसली.

ह्या सगळ्या वाचनात मला मनापासून आवडली ती लाल टोपीवाल्या मुलीची एक जुनी तोंडी गोष्ट. आपल्याला माहीत असलेल्या दोन. १६९७ ची फ्रेंच, पेरोने लिहिलेली, त्यात लांडगा आजीला खातो, मुलीला खातो, गोष्ट खलास, खाली कवितेत उपदेश की गोड बोलणाऱ्या लांडग्यांपासून तरुण मुलींनी जपावं. ती दरबारी लोकांसाठी होती. दुसरी ग्रिमांची, त्यात शिकारी येऊन पोट फाडून दोघींना काढतो. पण फ्रान्सच्या खेड्यांत १८८५ च्या सुमारास टिपून घेतलेली एक गोष्ट आहे, ती ह्या दोन्हींपेक्षा काळी आणि दोन्हींपेक्षा हुशार. लांडगा आजीचं मांस ताटलीत आणि रक्त बाटलीत भरून ठेवतो आणि नातीला तेच खायला-प्यायला लावतो. मग कपडे काढून शेजारी झोप म्हणतो. पोरगी ओळखते. ती म्हणते, मला बाहेर जाऊन यायचंय. इथेच अंथरुणात कर, म्हणतो. नाही नाही, बाहेरच जायचंय. मग तो तिच्या पायाला दोरी बांधून सोडतो, ती बाहेर जाऊन दोरी आलुबुखारच्या झाडाला बांधते आणि पळून घर गाठते. शिकारी नाही, राजपुत्र नाही. म्हातारी कोतारी मला नाही ठाऊक, चल रे भोपळ्या टुणूक टुणूक, ह्याच जातीची अक्कल. चुलीपाशी बायकांनी बायकांना सांगितलेल्या गोष्टीत मुलगी स्वतः सुटते, आणि छापणाऱ्या पुरुषांच्या हातात गेली की एकतर मरते नाहीतर तिला कोणीतरी काढावं लागतं. मांसाचा भाग गाळून ही ओवीला सांगितली. "बाहेर जाऊन यायचंय" ह्याला ती पाच मिनिटं हसली आणि हल्ली जेवणातून उठायचं असलं की डोळा मारून तेच म्हणते.

आणि आपल्याकडच्या? आपल्याकडच्या तर कोणी धुतल्याच नाहीत. शिवलीलामृताचा चौदावा अध्याय घ्या, श्रीधरस्वामींनी १७१८ मध्ये बारामतीत लिहिलेलं, घराघरात श्रावणात वाचतात. श्रियाळ राजा, चांगुणा राणी, दारात अतिथी, त्याला पोटच्या पोराचं मांस हवंय. आईने रडायचं नाही, गात गात उखळात डोकं कांडायचं, आणि मग अतिथी पानावर बसून म्हणतो, निपुत्रिकाच्या घरी मी जेवत नाही. चांगुणा हाक मारते आणि चिलया बाळ धावत येतो. हीच गोष्ट तामिळनाडूत बाराव्या शतकातल्या पेरियपुराणात आहे, नावं तेवढी वेगळी. लहानपणी हे ऐकताना मला देवाचा राग यायचा आणि तो राग कुठे ठेवायचा ते कळायचं नाही, कारण गोष्ट संपली की आरती असायची.

पण ह्याहून मला शीतळा सप्तमीची कहाणी जास्त टोचते, कारण ती इतकी साधी आहे. आटपाट नगर, राजाने गाव वसवलं, तळं बांधलं, पाणी लागेना. जळदेवता म्हणाल्या, सुनेचा थोरला मुलगा बळी दे. राजाला वाईट वाटलं, मग लोकांचं भलं होईल असं त्याने मनाशी धरलं. सुनेला माहेरी पाठवून दिलं. नातवाला न्हाऊ घातलं, जेवू घातलं, दागिने घातले, पलंगावर निजवला आणि पलंग तळ्यात नेऊन ठेवला. तळं भरलं. पुढे सून भावाबरोबर सासरी निघाली, वाटेत भरलेलं तळं दिसलं, सप्तमीचा वसा आठवला, तिने काकडीच्या पानावर दहीभात वाहिला, माझ्या वंशातलं कोणी पाण्यात गेलं असेल तर परत दे म्हणाली, आणि पाण्यातलं पोर तिच्या पायाला येऊन बिलगलं. ते कडेवर घेऊन ती घरी गेली. सासरा विचारतो, मुली, तुझा मुलगा आम्ही बळी दिला, तो परत कसा आला? आणि ती उत्तर देते. वसा केला, म्हणून आला.

एवढंच. इथे सावत्र कोणी नाही, चेटकीण नाही, उंदीर नाहीत, आजोबांनी केलं हे स्वच्छ लिहिलेलं आहे आणि कोणाच्या पायात तापलेले बूटही घालत नाहीत. सून त्याच घरात राहते, तेच पाणी भरते. पोर परत येणं हा चमत्कार आहे की कुठल्यातरी पोर गेलेल्या बाईच्या समाधानासाठी नंतर जोडलेला शेवट आहे, असं मनात येतं. तळ्यासाठी, किल्ल्यासाठी, धरणासाठी माणूस पुरल्याच्या दंतकथा गावोगाव आहेत, आणि बहुतेकींत पोर वर येत नाही.

येत्या श्रावणात ही कहाणी ओवीला सांगावी असं ठरवलं होतं. स्कूटरवर येता येता मनातल्या मनात म्हणून बघत होते, सूर लावत होते, आणि युनिव्हर्सिटी चौकाच्या सिग्नलला माझ्या लक्षात आलं की माझ्या कहाणीत राजा बाहेरगावी गेलाय आणि नातवाला तळ्यात नेऊन ठेवतोय तो एक दुष्ट प्रधान. मला सुचलंसुद्धा नव्हतं, आपोआप आला. ओवीला रोज स्कूलबसपर्यंत बाबा सोडतात, तिचे आजोबा, गुलाबी दप्तर खांद्याला अडकवून, आणि आजोबांनी नातवाला न्हाऊमाखू घालून पाण्यात ठेवला, हे वाक्य माझ्या तोंडून निघेना. विल्हेल्म ग्रिमला एवढी नावं ठेवून झाली आणि माझा प्रधान पहिल्याच फेरीत तयार.

आईला विचारलं, तू आम्हाला सांगताना काय म्हणायचीस, राजाने केलं म्हणायचीस का अजून कोणी?

"पोथीत आहे तेच म्हणायचे," आई म्हणाली. "आणि तुम्ही कुठे ऐकत होतात, दोघांचंही लक्ष दहीभाताकडे."